भोपळ्याचा केशरी पास्ता

"टोमॅटो नाही, दूध नाही, चीज नाही, तरी बघ कसा केशरी झालाय!" विद्याधरने पास्त्याची कढई शाल्मलीपुढे धरली.

लेकीला दूध आणि टोमॅटो बाधायचे, अंगभर गांधी उठायच्या. कोर्टाने त्याच्या वाट्याला महिन्यातून एक रविवार दिला होता. त्या रविवारसाठी पंधरा दिवस खपून त्याने हा पास्ता जमवला होता.

"लाल भोपळा वाफवून वाटायचा, त्यात नारळाचं दूध घालायचं. लसूण मात्र आधी तेलात परतायचा. शिकून घे, म्हणजे कुठे उपाशी राहायला नको."

"बाबा, मला आता सगळं चालतं," ती हळूच म्हणाली. "दिवाळीतच डॉक्टरांनी सांगितलं. वाढदिवसाला आम्ही पिझ्झाच मागवला होता."

"अगं, मग मला कळवायचं नाही का?"

"आई म्हणाली, त्याला सांगून काय उपयोग?"

विद्याधरने तिला वाढलं.

एके काळी याच टेबलाशी नावडतं ताट ढकलून भोकाड पसरणारी त्याची लेक परक्या घरी आल्यासारखी ताठ बसली. "छान झालाय हं," म्हणाली आणि एक घासही न टाकता तिने मुकाट्याने सगळं संपवलं.