समोरच्या झडपा

"समोरच्या खिडकीच्या झडपा दिवसभर बंद असतात. त्यावरून काही अर्थ काढू नका," सुट्टीपुरत्या घेतलेल्या घराची किल्ली देताना मालकीणबाई म्हणाल्या. "आमच्या नीम शहरात उन्हाळ्यात शहाणी माणसं अशीच राहतात."

सोलेनने मान डोलावली आणि ते सोडून दिलं. पॅरिसहून गाडीत बसून आलेल्या, दीड वर्षाची लिझोन कडेवर असलेल्या बाईला कुणाच्या झडपांशी काय करायचंय?

पण झडपा डोळ्यांसमोरच होत्या. गल्ली एवढी अरुंद की हात लांब केला तर पलीकडची कुंडी हलवता आली असती. दुसऱ्या सकाळी तिने कोपऱ्यावरच्या पाववाल्याला विचारलंच.

"समोर? म्हातारी अस्त्रुकबाई. एकटीच असते."

"आणि मुलंबाळं?"

"आहे एक मुलगा," असं म्हणून तो पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

सोलेनला एवढं पुरलं. "लोळत असेल समुद्रावर," ती नवऱ्याला, गाएताँला म्हणाली. "आईला कोंडून ठेवायचं आणि आपण तेल चोपडून वाळूत पडायचं. असल्यांना लाज कशी ती नसते."

"तुला काय करायचंय? चल, ऊन वाढायच्या आत ते रोमन लोकांचं खेळांचं रिंगण बघून घेऊ."

रिंगणाचे दगड तव्यासारखे तापले होते. सोलेन लिझोनच्या टोपीवर पाणी शिंपडत होती. वरच्या पायऱ्यांवर पोचतात तोच गाएताँचा फोन वाजला. त्याने नाव पाहिलं आणि आवाज बंद केला.

"आई. छप्पर तापलंय, हेच सांगणार."

"कालही तेच. जस्ताचं छप्पर काय यंदाच बसवलंय?"

त्याची आई, युगेत, पॅरिसला यांच्याच इमारतीत राहायची. सर्वांत वर, छपराखालच्या खोलीत. निघताना तिने यांच्या दुसऱ्या मजल्यावरच्या घराची किल्ली मागितली होती. खाली जरा गारवा असतो, म्हणाली. सोलेनने दिली नाही. मागे एकदा दिली होती, तर बाईंनी सगळं स्वयंपाकघर नव्याने लावून ठेवलं होतं. मिठाची बरणी अजून सापडायची होती.

"खाली सेलेस्ताबाई आहेत ना," सोलेन म्हणाली. इमारतीची देखभाल सेलेस्ताबाई करायच्या. पत्रं, जिने, म्हातारीची विचारपूस, सगळं त्यांच्याकडे. "टाकतील एक चक्कर."

आव्हिन्योंच्या वाटेवर तिने इमारतीचा ग्रुप उघडला. तिसऱ्या मजल्यावरचे कोर्सिकात, चौथ्यावरचे ब्रेतान्यात. प्रत्येकाच्या फोटोत पाय आणि पायांपुढे पाणी. सेलेस्ताबाईंनी शेगडीवर भाजणाऱ्या सार्डिनचा फोटो टाकला होता.

"वास जिनाभर सुटला असेल," गाएताँ हसला. "घरी परतल्यावर तोंड वाकडं करू नकोस म्हणजे झालं."

आव्हिन्योंचा पूल झाला, आर्लची बाजारपेठ झाली. रोज संध्याकाळी परत येऊन सोलेन आधी समोर बघायची. झडपा बंद. मग मुलीला झोपवायचं, गार हवेचं यंत्र लावायचं, स्वतःची खिडकी घट्ट लावायची, की सकाळ. सकाळी पुन्हा झडपा बंदच.

"तीन दिवस," ती म्हणाली. "माणूस आत वाळून जाईल आणि गल्लीला पत्ता लागणार नाही. लेकाला मात्र अंत्यविधीला काळे कपडे घालायला वेळ मिळेल."

"आज आईचा फोन नाही आला," गाएताँ गाडीची किल्ली शोधत म्हणाला. "शांत वाटतंय ना?"

"देवाची कृपा."

ती समोर जाऊन दार ठोकून आली. उत्तर नाही. पुन्हा ठोकलं. मग तिने बंबवाल्यांना फोन केला.

शिडी लागली. गल्लीत माणसं जमली. पाववालाही आला. त्याला ऐकू जाईल अशा आवाजात सोलेन म्हणाली, "परक्या बाईला लक्ष घालावं लागतं!" बंबवाल्याने झडप उचकटली आणि आतून किंचाळी आली.

"अरे मेल्या, ऊन आत येतंय! लाव ती!"

बंबवाल्याने आतून उघडलेल्या दारातून सोलेनही शिरली. खोली तळघरासारखी गार होती. म्हातारी फरशीवर परात ठेवून, तिच्यात पाय बुडवून एकटीच पत्ते खेळत होती. शेजारी कलिंगडाच्या फोडी.

"दार का नाही उघडलंत?" सोलेनने दाराकडे बोट दाखवत विचारलं.

"दिवसा मी कानातलं यंत्र काढून ठेवते. मूर्खांची बडबड ऐकायला लागत नाही." तिने यंत्र कानात घातलं आणि सोलेनला खालून वर न्याहाळलं. "झडपा रात्री उघडायच्या असतात, बाई, भिंत निवली की. मुलगा येतो रोज, तोच उघडतो. कलिंगडही तोच आणतो. तुम्ही त्या वेळी गार डब्यात घोरत असता."

बंबवाले हसू दाबत शिडी काढायला गेले. सोलेनचे कान तापले.

"काळजी वाटली म्हणून आले मी."

"दिसतंय. फार मोठं काळीज आहे तुझं. घरी कुणी म्हातारं माणूस आहे?"

"सासूबाई. पॅरिसला."

"तिच्याकडे कोण बघतं?"

"इमारतीच्या बाई."

म्हातारीने हातातलं पान खाली ठेवलं. "ऑगस्टात? तेव्हा तर सगळं पॅरिस सुट्टीवर असतं."

सोलेनने फोन काढला. सार्डिनचा फोटो उघडला, दोन बोटांनी मोठा केला. शेगडीच्या मागे समुद्र होता.

तिने युगेतला फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. मग ग्रुपवर विचारलं, आणि कोर्सिकाहून, ब्रेतान्याहून, सेलेस्ताबाईंचं पोर्तुगालहून, असं एकेक उत्तर आलं: आम्ही इथे आहोत, पण कुणीतरी असेलच. मग तिने नावं बघणं सोडलं आणि फोनमध्ये ज्याचा नंबर होता त्या प्रत्येकाला एकच मजकूर धाडला. पॅरिसमध्ये आहात का तुमच्यापैकी कोणी? सहावा मजला, डावीकडचं दार. बेल चालत नाही, जोरात ठोका.