कंबरमोडीची पट्टी

फाटकाची कडी काढताना गार्गीने घसा खाकरला आणि आवाज जरासा जाड केला. "काकाजी, मी भावना. पट्टी बदलाले आली."

"ये," गिरिधरराव आतून म्हणाले आणि भिंतीला हात लावत लावत व्हरांड्यात आले.

प्रताप नगरातल्या ज्या घरात ती लहानाची मोठी झाली, त्याच घरी ती गेले चार महिने खोट्या नावाने येत होती. अकरा वर्षांपूर्वी तिने परजातीतल्या प्रशिकशी लग्न केलं, तेव्हा वडिलांनी सांगून टाकलं होतं, की मी जिवंत असेपर्यंत ही मुलगी या उंबरठ्याच्या आत पाऊल टाकणार नाही. गिरिधररावांचा शब्द म्हणजे सरकारी शिक्का. उभी नोकरी कारकुनीत गेली, पण एकदा मारलेला शेरा त्यांनी कधी खोडला नाही. पुढे आई गेली, तेव्हाही गार्गी फाटकावरूनच परतली होती.

मग म्हाताऱ्याला शुगरने गाठलं. आधी डोळे गेले. समोरचं माणूस त्यांना नुसती सावली दिसायचं. नंतर तळपायाला जखम झाली, ती काही केल्या भरेना. डॉक्टरांनी नव्या पट्टीच्या चाचणीसाठी त्यांचं नाव पाठवलं ते नेमकं गार्गीच्याच प्रयोगशाळेकडे. तिथे ती विजेच्या दाबाने सुईतून तंतू ओढून जखमेवरच्या पट्ट्या बनवायची. एकेक तंतू डोळ्याला दिसू नये इतका बारीक, पण थरावर थर बसले की दुधावरच्या सायीसारखा पापुद्रा व्हायचा. त्यात कंबरमोडीच्या पानांचा अर्क असायचा. यादीत सतराव्या क्रमांकावर तिने वडिलांचं नाव वाचलं, आणि दुसऱ्या कोणाला पाठवायचं सोडून स्वतःच निघाली.

बोली सासूची उचलली. सक्करदऱ्याला इंदूबाईंच्या स्वयंपाकघरात अकरा वर्षं काढल्यावर 'मले-तुले' तोंडात बसलंच होतं. नाव सांगितलं, भावना मेश्राम.

पहिल्या दिवशी चपला काढून तिने दारात पाय उचलला, तोच ते म्हणाले, "थांब. आत नको. इथं बाहेर बसू, उजेड आहे."

तिचा पाय तसाच खाली आला. ज्याला ऊन आणि ट्यूबलाइट यातला फरक कळत नाही, त्याला उजेड कशाला हवा? आडनाव ऐकलं, दुसरं काय. बाबा तसूभरही बदलले नाहीत, हे तिला फार लागलं. तरी ती व्हरांड्यात बसली. पाय वडिलांचा होता.

पट्टीत काय आहे, असं त्यांनी विचारलं. कंबरमोडी, ती म्हणाली. त्यांनी अंगणाकडे तोंड वळवलं. सायकलवरून पडून गुडघे फोडून घेणाऱ्या पोरीला याच अंगणातला तो पाला चुरगाळून कोण लावायचं, हे तिला आठवत होतं. त्यांना आठवत असेल, असं काही तिने धरलं नाही.

मग संमतीचा फॉर्म. मी भरते, तुम्ही फक्त सही करा, असं ती म्हणाली. पण कारकुनाचा फॉर्म दुसऱ्याने भरायचा म्हणजे काय? "तू रकाने वाच, मी लिहितो." ती पट्ट्यांची पेटी लावता लावता आपल्याजवळच्या प्रतीतून रकाने वाचत गेली, आणि ते बोटाने ओळ धरून चाचपडत लिहीत गेले. घडीही त्यांनीच घातली, पाकीटही त्यांनीच चिकटवलं. पाकिटावर फक्त क्रमांक. तशीच तातडी आली नाही, तर जखम भरेपर्यंत ते उघडायचं नाही, असा संस्थेचा नियम होता.

तेव्हापासून दर मंगळवारी आणि शुक्रवारी ती यायची. पट्टीला दहा मिनिटं लागत. ती तासभर बसायची. त्यांना तिच्या घरचं सगळं ऐकायचं असे. मुलगी पिंकी कितवीत आहे, गणित जमतं का, सायकल येते का, पडली तर रडते का. नवरा नीट वागवतो ना, हेही एकदा हळूच विचारलं.

"लय चांगला हाये," ती म्हणाली आणि तोंड फिरवलं. परक्या पोरीची एवढी चौकशी, आणि पोटच्या पोरीचं नावसुद्धा नाही. घरी जाताना सिग्नलवर तिला रडू यायचं.

जखम मात्र विचित्र वागत होती. छान भरत यायची, आणि कडा मिळायला आल्या की पुन्हा उलायची.

"काकाजी, काहून चालता जी तुम्ही अनवाणी?"

"कडी वाजल्यासारखी वाटली. म्हणून फाटकापर्यंत गेलो."

दर वेळी कडी. एकदा ती खरंच रागावली. असंच चाललं तर पाय कापावा लागेल, असं बोलता बोलता तिचा आवाज फाटला, बोली सुटली, आणि तिने जीभ चावली. त्यांनी काही ओळखल्याचं दाखवलं नाही. त्यानंतर मात्र ते पलंगावरून फारसे हललेच नाहीत.

आज तिने पट्टी सोडवली, तर खाली कोवळी गुलाबी कातडी. मोजायला काही उरलंच नव्हतं. तिला आनंद झाला, तरी सोडवलेली पट्टी ती हातातच धरून बसली.

"भरली?"

"भरली, काकाजी."

"म्हणजे आता तुझं येणं बंद."

तिने मान हलवली. मग त्यांना दिसत नाही हे आठवून हो म्हणाली.

ते जरा वेळ बोटं मोडत बसले. "ते पाकीट आता उघडतील ना? कोण उघडतं?"

"मीच."

"मग ठीक आहे."

निघताना कातडी तपासायच्या निमित्ताने तिने पुन्हा एकदा त्यांच्या पावलावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. त्यांनीही पाय मागे घेतला नाही.

प्रयोगशाळेत येऊन तिने सतरा क्रमांकाचं पाकीट फोडलं. अक्षरं एकमेकांवर चढली होती, ओळी उताराला लागल्या होत्या, पण रिकामा रकाना एकही नव्हता. नाव, वय, पत्ता, आजार. तारीख पहिल्या दिवसाची. शेवटी, तातडीच्या वेळी कोणाला कळवावे.

'मुलगी, गार्गी.'

पुढे फोन नंबरासाठी जागा होती. तिथे लिहिलं होतं, 'फोनची गरज नाही. समोर व्हरांड्यात बसली आहे.'