बाबांचा हात

हे लिहिणारच नव्हतो. जुन्या गाडीचं इंजिन माझ्या मित्राने बॅलन्स केलं होतं. बाबांना ऐकू येत नाही, आमचं अख्खं गॅरेज त्यांच्या तळहातावर चालतं. डोळे मिटून त्यांनी चालू इंजिनावर हात ठेवला.

“थरथरतंय.”

परत खोललं, परत जोडलं. तरी तेच.

“हाकल याला! इंजिनाला हात लावायची लायकी नाही याची.”

मी स्टिअरिंगवर होतो. डोकंच फिरलं, चावी फिरवून इंजिन बंद केलं. बाबांचा हात तसाच, डोळे मिटलेले.

“बघ, अजून थरथरतंय!”

मित्राने ते बघितलं. गुपचूप पाना ठेवला, पिशवी उचलली. जाताना खिडकीत वाकला.

“काकांना सांगू नकोस हां. माझंच काम कच्चं होतं म्हण.”

“नाही सांगणार. शप्पथ.”