सगळ्यांना उत्तर देणारी एजंट

“ही बघ, ही बाई कुणालाच ताटकळत ठेवत नाही,” जनेलने स्क्रीनवर बोट टेकवलं. “हो तर हो, नाही तर नाही, पण सहा आठवड्यांत उत्तर. सगळ्यांना.”

आर्डिसने चष्मा वर सरकवला. फिलिपा रोर्क, लेखकांना प्रकाशक मिळवून देणारी साहित्य एजंट, न्यूयॉर्क. नावाखाली लेखकांनीच भरलेल्या नोंदी होत्या: कादंबरी कधी पाठवली, उत्तर कधी आलं, काय आलं. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा, असा त्या वेबसाइटचा कारभार होता.

जनेल ग्रंथालयातल्या लेखनगटात आर्डिसच्या शेजारी बसायची. आपल्या रहस्यकथेला आलेले नकार ती लग्नात आलेला आहेर सांगावा तशा थाटात सांगायची.

“तुझंच विचित्र आहे बाई,” ती म्हणाली. “आधी तीन नकार, मग वर्षभर नुसती सामसूम. अगं, यातले निम्मे एजंट तरी उत्तर देतातच. स्पॅममध्ये बघितलंस?”

“बघितलं. काही नसतं.”

“मग तुझं पुस्तक इतकं भयंकर असणार, की नाही म्हणायलाही कुणी धजत नाही.”

पूर्वी आर्डिस यावर हसली असती, किंवा घरी जाऊन रडली असती. आता तिला काहीच झालं नाही. दाताच्या डॉक्टरने भूल दिल्यावर आपलाच गाल परका वाटतो, तसं तिचं झालं होतं.

“ही शेवटची,” ती म्हणाली. “हिनं नाही म्हटलं तरी चालेल. कुणीतरी वाचलं एवढं कळेल, मी दुसरी लिहायला घेईन. पण हीसुद्धा गप्प बसली, तर संपलं माझं लिहिणं.”

कादंबरी तिच्या आईवर होती. सुपीरियर सरोवरात लोहखनिज वाहणाऱ्या बोटीवर आई स्वयंपाक करायची. नऊ वर्षं आर्डिस ती लिहीत होती. नवऱ्याने, व्हर्लिनने, वाचून “वाईट नाही” म्हटलं होतं. मिनेसोटाच्या माणसाकडून याहून मोठी दाद मिळत नाही.

व्हर्लिन कागदगिरणीतून निवृत्त झालेला. त्यांच्या वयाच्या बऱ्याच जोडप्यांप्रमाणे त्यांचाही दोघांत मिळून एकच ईमेल पत्ता होता. त्यावर चर्चच्या सूचना, नातवंडांचे फोटो आणि बर्फ उडवणाऱ्या यंत्रांच्या जाहिराती यायच्या. व्हर्लिन पहाटे उठून कॉफी होईपर्यंत तो कचरा झाडून टाकायचा. घरातला कुठलाच पसारा त्याला खपत नसे.

त्या पहिल्या तीन नकारांनंतर आर्डिस अंथरुणाला खिळली होती. व्हर्लिनने तिला चमच्याने सूप भरवलं होतं. त्या दिवसांबद्दल दोघंही पुन्हा कधी बोलत नसत.

मार्चच्या सुरुवातीला तिने फिलिपाला कादंबरी पाठवली. सरोवरावरचा बर्फ फुटला, बोटी सुरू झाल्या. सहा आठवडे उलटले.

“अगं, तुझ्या मागाहून पाठवलेल्यांनाही उत्तरं गेली!” जनेलचा फोन आला. “तुलाच वगळलंय. म्हणजे तुझी कादंबरी बाजूला काढून ठेवलीय. वाचतेय ती!”

“मला सगळेच वगळतात, जनेल.”

“वेडी आहेस. आकडे बघ ना.”

“बघितले. शुक्रवारपर्यंत थांबते.”

शुक्रवारी सकाळी व्हर्लिनने तिच्यापुढे कॉफी ठेवली.

“आलं का काही?” तिने विचारलं.

“नाही गं. न्यूयॉर्कची माणसं. त्यांना कुठली सवड.”

“नाही म्हणायला कितीशी सवड लागते रे?”

 व्हर्लिनने रात्री उरलेली बटाटा-खिम्याची हॉटडिश गरम करून तिच्या ताटलीत वाढली. तिने दोन घास खाल्ले. चव कळत नव्हती.

दुपारी तिने वेबसाइटवर फिलिपाच्या नावापुढे ‘उत्तर नाही’ अशी नोंद केली आणि आपलं खातं बंद केलं. मग कॉम्प्युटरवरची कादंबरी पुसली. वाईट वाटायची वाट पाहत ती थोडा वेळ तशीच बसली. काही वाटलं नाही. छापलेल्या पानांचा गठ्ठा तिने व्हर्लिनच्या हातात दिला.

“रद्दीत टाक.”

“आर्डिस, अगं...”

“टाक म्हटलं ना.”

गॅरेजमध्ये जाऊन व्हर्लिनने गठ्ठा रद्दीत टाकला नाही, रंगाच्या डब्यांमागे ठेवला. तिचा राग शांत झाला की परत देऊ, असं त्याने ठरवलं. तेवढ्यात खिशातला फोन वाजला. मेल आली होती, फिलिपा रोर्कची. ‘प्रिय आर्डिस, आपली कादंबरी पाठवल्याबद्दल मनापासून आभार.’  वर्षभरात एजंटांकडून आलेली प्रत्येक मेल अशीच गोड सुरू झाली होती, आणि बायको पुन्हा अंथरूण धरू नये म्हणून त्याने प्रत्येक मेल तिच्या नजरेस पडायच्या आत पुसली होती. सुरुवातीला तो पूर्ण वाचायचा. मग त्यालाही ते नकार सोसेनात, तेव्हापासून पहिली ओळ पुरे असायची. त्याने हीही पुसली, आत गेला आणि बायकोला जवळ घेतलं.

दुसरी ओळ होती: ‘आपल्या आईने दोन दिवस मला दुसरं काही करू दिलं नाही, ही कादंबरी मला हवी आहे, आज फोन केला तर चालेल का?’