पुढचा खांदा

"उचला!" वाडीतला भाग्येश ओरडला आणि होळीचं झाड एका दमात आठ जणांच्या खांद्यावर गेलं. चांगली जाडजूड सावर, काटे तासलेली. पुढचा खांदा प्रतापचा. वय एकोणसाठ, अंगात नवाकोरा बनियन, खांद्यावर टॉवेलाची जाड घडी. वाडीपासून होळीच्या मैदानापर्यंत दीड किलोमीटर. वाटेत झाड जमिनीला टेकवायचं नाही आणि एकदा दिलेला खांदा मध्ये काढायचा नाही, ही गावाची रीत.

रीत आणखीही एक होती. पंचावन्न उलटली की माणसाने मैदानातल्या खुर्चीवर बसायचं. टोपी, नारळ आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांचे नमस्कार. प्रतापच्या बरोबरीचा रामनाथ केव्हाच तिथे जाऊन बसला होता. प्रतापला मात्र खुर्चीचं नाव काढलं की डोक्यात तिडीक जायची. चार वर्षांपूर्वी रामनाथ म्हणाला, "ये रे, तुझी जागा धरून ठेवलीय." त्यावर या गड्याने भर मैदानात पन्नास बैठका मारून दाखवल्या. पुढे दोन दिवस त्याला पायरी उतरता आली नाही, ते सोडा. पुढचा खांदा त्याचाच राहिला.

तेव्हापासून हा व्यायाम. रोज पहाटे केळव्याच्या रस्त्याला चार किलोमीटर धाव. आल्यावर शंभर बैठका, चाळीस जोर. बैठका तो मोठ्याने मोजायचा. बायको मंदा जाऊन पाच वर्षं झाली होती, मुलगी हिमानी लग्न होऊन सुरतेला. दिवसभरात त्या घरात माणसाचा आवाज उठायचा तो एवढाच. कधी कधी शंभर होऊन गेल्या तरी तो मोजतच राहायचा.

लोक म्हणत, प्रतापला भारी हौस! हौस कसली डोंबलाची! झाडाखाली चालताना मागच्याचा श्वास मानेवर लागतो. सगळ्यांची पावलं एका तालात पडतात. 'काका, सांभाळून' असं कुणीतरी म्हणतं. वर्षातला हा अर्धा तास प्रताप एकटा नसायचा. त्या अर्ध्या तासासाठी तो उरलेलं वर्ष बैठका मारायचा.

आणि गुण येत होता की! गेल्या वर्षी झाड हलकं लागलं होतं, यंदा तर त्याहून हलकं. त्याच्या मागे कुशल आणि दर्पण होते. दोघेही ताडमाड, बोईसरला कंपनीत कामाला, होळीसाठी पाळी बदलून आलेले. त्यांच्या धापा प्रतापला ऐकू येत होत्या. त्याला स्वतःला दमसुद्धा लागला नव्हता.

"काय रे, कंपनीत नुसते बसून असता काय?" मान न वळवता तो म्हणाला.

"तुमच्यासारखं नाय जमत, काका," मागून कुशल कसाबसा बोलला.

प्रतापला असा काही आनंद झाला! "होळी रे होळी!" त्याने आरोळी ठोकली.

देवळापुढे रस्ता उताराला लागला आणि त्याच्या पायाशी काहीतरी पडलं. टॉवेल. त्याच्याच खांद्यावरचा.

चार पावलं तो तसाच चालला. मग डोक्यात लख्ख उजेड पडला. एवढ्या झाडाखाली दाबलेला टॉवेल पडेलच कसा? त्याने दुसऱ्या हाताने चाचपून पाहिलं. खांदा आणि झाड यांच्यामध्ये त्याची दोन बोटं आरामात गेली.

त्याने हळूच मागे पाहिलं. कुशल आणि दर्पण, दोघांच्याही खांद्यावर गोणपाटाच्या तीन तीन घड्या होत्या. आधीच उंच, त्यात मुद्दाम आणखी उंच झालेले. पुढचा सगळा भार त्या दोघांनी घेतला होता. कुशलने नजर खाली घातली.

म्हणजे गेल्या वर्षीही असंच. प्रतापची कानशिलं तापली. त्याला लाज वाटली, रागही आला. चुलीत गेली ती होळी, आत्ताच्या आत्ता घरी निघून जावं असं वाटलं. पण घरी होतं कोण? आणि एक शब्द जरी बोलला असता, तरी पुढच्या वर्षी खुर्ची ठरलेली.

"काका," कुशल हळूच म्हणाला, "तुमी चला. आमी हाय ना."

मैदान दिसू लागलं. पांढऱ्या टोप्या, ओळीने मांडलेल्या खुर्च्या, रामनाथच्या शेजारची एक रिकामी. प्रतापने टाचा उचलल्या आणि तो चवड्यांवर चालू लागला. सावरीची खडबडीत साल उघड्या खांद्याला लागली. जेमतेम, पण लागली.

"जड हाय यंदा," तो म्हणाला.

"लय जड, काका," कुशल म्हणाला.

मैदानात पोचेपर्यंत प्रतापच्या पोटऱ्यांत गोळे आले. रामनाथने खुर्चीतून हात हलवला. प्रतापने पाहून न पाहिल्यासारखं केलं.

दुसऱ्या दिवशी धुळवड. गाव अजून झोपलेलं होतं. प्रताप नेहमीच्या वेळी उठला, पण धावायला गेला नाही. जोर नाहीत की बैठका नाहीत. स्वयंपाकघराच्या ओट्याला धरून त्याने टाचा उचलल्या, टेकवल्या, पुन्हा उचलल्या आणि तो मोठ्याने मोजू लागला. ताकद कमवून झाली होती. आता पुढच्या होळीपर्यंत त्याला दोन बोटं उंच व्हायचं होतं.