लाटणं थांबलं
डॉक्टरांनी श्यामरावांना फुटबॉलचा सामना ऐकायला बंदी केली होती. हृदयाला दुसरा झटका सोसणार नाही, म्हणाले. म्हणून त्यांच्या पत्नी कालिंदीबाईंनी ट्रान्झिस्टर स्वयंपाकघरात नेला, आवाज अगदी बारीक केला आणि आतून कडी घातली. “संपला की निकाल सांगते. मला काही होत नाही त्या खेळानं.” श्यामराव बाहेर लाटण्याचा आवाज ऐकत बसले. लाटणं भराभर फिरलं की चेंडू आपल्या मोहन बागानकडे असणार, रेंगाळलं की ईस्ट बंगालकडे. मग लाटणं थांबलंच. पोळी करपल्याचा वास आला. त्यांचा हात छातीवर गेला. “अगं, गोल झाला का?” खिदिरपूरची सगळी गल्ली चिडीचूप होती. कडी निघाली. कालिंदीबाईंच्या एका हातात ट्रान्झिस्टर, दुसऱ्यात श्यामरावांची हृदयाची गोळी होती. “ही जिभेखाली ठेवा आणि आत या. बरोबरी आहे, पाच मिनिटं उरलीत. मला एकटीला नाही हो ऐकवत.”