मिठाच्या पाण्याचा दिवस

नर्स व्हिबेके इस्पितळातल्या खोलीत आली तेव्हा एब्बे चांगला कोट काढून, बाही वर सरकवून पलंगावर बसलेलाच होता. तिला पाहताच म्हणाला, "गेल्या वेळेबद्दल आभार." डेन्मार्कमधल्या आरहूसमध्ये हे कुणाच्या घरी जेवून आल्यावर पुढच्या भेटीत म्हणतात. उपाशीपोटी झोपवून, एका हातात सलाईन लावून दुसऱ्यातून रक्त काढणाऱ्या नर्सला कुणी म्हणत नाही. व्हिबेके हसली, पण सुई हातात घेतली नाही. डॉक्टर बोलणार आहेत म्हणाली.

संशोधनासाठीची ही तपासणी तशी साधी होती. धडधाकट माणसाला एक दिवस नुसतं मिठाचं पाणी चढवायचं, दुसऱ्या दिवशी ताणाची संप्रेरकं, आणि दोन्ही दिवशी यकृत अंगातल्या प्रथिनांचा किती युरिया करतं ते मोजायचं. ताण वाढला की युरिया वाढतो, माणूस आतून झिजतो. एब्बेचा युरिया गेल्या वेळी नुसत्या मिठाच्या पाण्यावरच वाढला होता. पिशव्यांची अदलाबदल झाली असं समजून डॉक्टर आस्गरने सकाळी व्हिबेकेलाच धारेवर धरलं होतं. पण ताणाची संप्रेरकं एब्बेच्या रक्तात पिशवी लावण्याआधीपासूनच होती. बिचारीचा काही दोष नव्हता.

आस्गर आला तो जरा ओशाळलेलाच. घरी काही कटकट, भांडण, मयत, असं त्याने विचारलं.

"कटकटीला दुसरं माणूस लागतं बाबा," एब्बे म्हणाला. "मी सकाळी रेडिओवालीला नमस्कार करतो. तेवढंच बोलणं."

"म्हणजे ताण कसलाच नाही?"

"कसला असणार? माझ्याकडे काही घडतच नाही."

मग आस्गरने हळूच समजावलं, की निरोगी लोकांच्या गटात आता एब्बेला ठेवता येणार नाही, आकडे बिघडतात. घाबरण्यासारखं काही नाही, फक्त यापुढे यायची गरज नाही.

एब्बेला एकदम पोरकं वाटलं. तो कोट घालायला लागला, पण बाही सापडेना. व्हिबेकेने मागून धरला तेव्हा कुठे हात आत गेला. बटणं लावायला त्याने बराच वेळ घेतला.

"आजारी लोकांचा पण गट असेल ना?" त्याने विचारलं.

"आहे," आस्गर म्हणाला. "यकृत निकामी झालेल्यांचा. का?"

"ते कुठल्या वारी येतात?"